अठ्ठेचाळीस मिनिटं

३० सप्टेंबर २०२३
(आठव्या महिन्याची सोळावी तिथी. उधाण.)

आ-थिंग,

मोबाइलवर तू मला बंद केलं आहेस, म्हणून हे कागदावर. पत्ता मेइयिनकडून घेतला. तू तुझ्या पुतणीशी बोलतोस, तिच्या बापाशी नाही, हे मला ठाऊक आहे. तिला रागावू नकोस, तिनं दोन दिवस आढेवेढे घेऊन मग दिला.

काम आहे म्हणून लिहितो. आपल्या नगराचा ग्रंथ निघतो आहे आणि त्यातलं 'प्रांताचा भूगोल, इतिहास आणि अर्थव्यवहार' हे प्रकरण माझ्याकडे आलं आहे. सातवी नापास माणसाकडे. कचेरीतल्या झुओ बाई म्हणाल्या की विद्यापीठातल्या दोघांना विचारून पाहिलं, पण त्यांना आपल्या खाडीत किती बांध आहेत हेही सांगता येईना. मी सांगितलं: अकरा, त्यातला एक फुटका. झालं, काम माझ्या गळ्यात.

सुरुवात अशी केली आहे: 'फूज्येन प्रांताची पाठ डोंगराला आणि तोंड समुद्राला आहे, मध्ये जी अरुंद ओसरी उरली तिच्यावर माणसं राहतात.' बाईंना हे आवडलं. पुढची चौतीस पानं आवडली नाहीत. "वेंग मास्तर, वाचणाऱ्याला झोप येईल," म्हणाल्या. आठ पानांत बसवा म्हणे. समुद्रापलीकडच्या लुझोन बेटावरून रताळं कोणत्या साली आलं, तीनशे साठ वर्षांपूर्वी बादशहाच्या हुकमानं किनारा कसा ओस पाडला आणि आपले पूर्वज भांडी डोक्यावर घेऊन डोंगराकडे कसे गेले, चहा कुठल्या बंदरातून कुठे गेला, आणि आता शंख-शिंपल्यांचा नि कालवांचा धंदा किती माणसं पोसतो, हे सगळं आठ पानांत! शिवाय माणसं देश का सोडतात हेही त्यातच. त्याची मी तीन कारणं लिहिली आहेत: जमीन कमी, सरकारी हुकूम, आणि समोर पाणी असलं की पाय घरात राहत नाहीत.

परदेशी गेलेल्या माणसांचा एक तक्ताही द्यायचा आहे, त्यासाठी तुझी माहिती हवी. अर्जेंटिनात कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात उतरलास, रोसारिओत दुकान कधी टाकलंस, कामाला किती माणसं आहेत. अंदाजे चालणार नाही.

काल पुनव होती. तुझ्या वहिनीनं कालवांचे वडे तळले आणि एक वडा नेहमीसारखा जास्तीचा केला. बांधाच्या दारावरची माझी नोकरी अजून चालू आहे. भरती-ओहोटीचा फळा आता लिहीत नाही, सगळ्यांच्या हातात फोन आहे. बाबांचं घड्याळ, म्हणजे तुझं घड्याळ, माझ्या खणात आहे. रोज चावी देतो. यंत्र पडून राहिलं की बिघडतं.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी दोष दिलेला नाही, एवढं लक्षात असू दे.

थोरला भाऊ
शाओपु

———

६ नोव्हेंबर २०२३
(नववा महिना, तिथी तेवीस. भांग, म्हणजे मंद भरती.)

आ-थिंग,

तुझं उत्तर आलं नाही. टपालाला तिकडे पोचायला चोवीस ते एकतीस दिवस लागतात असं पोस्टातली मुलगी म्हणाली, तेव्हा अजून रागावत नाही.

ग्रंथाबरोबर कचेरीत एक छोटं प्रदर्शन मांडणार आहेत. माझे जुने फळे त्यांना हवे आहेत. फळे गेले, पण ज्या वह्यांतून मी फळ्यावर उतरवायचो त्या सगळ्या आहेत. तुला आठवत असेल, जुनी माणसं तिथीवरून पाणी सांगायची आणि बाहेरगावच्या सुनांना ते काही कळायचं नाही. मी तिथीची गणितं करून साध्या इंग्रजी तारखेपुढे वेळा लिहायला लागलो. अमुक तारीख, ओहोटी (पाणी सगळ्यात खाली) अमुक वाजता. लोक देवळाच्या भिंतीपाशी थांबून घड्याळं जुळवायचे आणि मला मास्तर म्हणायचे. हाओ आजोबा म्हणायचे, "समुद्रसुद्धा शाओपुला विचारून येतो." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

वह्या चाळताना मागच्या आठवड्यात एक चूक सापडली. २००२ सालच्या हिवाळ्याच्या वहीत.

नीट लिहितो, म्हणजे तुला शंका राहणार नाही. आपला महिना कधी एकोणतीस दिवसांचा असतो, कधी तीस. कुठला कसा, ते दरवर्षी बदलतं आणि पंचांगात बघावं लागतं. त्या वर्षी अकरावा महिना तिसाचा होता. माझ्या वहीत तो एकोणतिसाचा आहे. म्हणजे बाराव्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून माझा फळा समुद्राच्या एक दिवस पुढे धावत होता. पाणी रोज अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा येतं. तेव्हा फळ्यावर जी वेळ लिहिली होती, तिच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी पाणी येत होतं.

सात जानेवारी २००३. फळ्यावर ओहोटी आठ अठ्ठेचाळीसला. खरी ओहोटी बरोबर आठला.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पल्याडच्या पट्टीवर चार बायका कालवं खरवडत होत्या. ओहोटीनंतर दीड तासानं तू होडी घेऊन त्यांना आणायला जायचं, हा ठरलेला क्रम. फळ्याप्रमाणे सव्वादहा. तू पोचलास तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. तिघी कालवांच्या दगडी खांबांना धरून होत्या. आ-छिन काकू नव्हती.

माझी चूक होती. अक्षर बघ, वाकडं नाही.

शाओपु

———

२ डिसेंबर २०२३
(दहावा महिना, तिथी वीस.)

आ-थिंग,

मेइयिननं काल फोन माझ्यासमोर धरला. तुझं नाव, खाली दोन शब्द: "कधी कळलं?"

वहिनी बाजूला कोबी चिरत होती. ती वाचून म्हणाली, "एकवीस वर्षांत दोन शब्द पाठवले, तेही नेमके." मग सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली. म्हणजे तीही तेच विचारत होती. ती मला सत्तावीस वर्षं ओळखते.

मागच्या आठवड्यात सापडली, असं मी लिहिलं. ते खरं नाही.

पंचांगापासून सांगतो. त्या वर्षीचं नवं पंचांग आपल्या घरात नव्हतं. ते आ-छिन काकूकडे होतं. सू-ल्यानचं आणि तुझं लग्न ठरलं होतं आणि काकू, मुलीची आई म्हणून, मुहूर्त काढायला ते घेऊन गेली होती. वहीचं काम करायला घरी निघालो होतो, तिच्या दारावरून मी जात असताना ती म्हणाली, "मास्तर, पंचांग हवं तर घेऊन जा हो, माझं बघून झालंय." मी म्हणालो, "मला पंचांग लागत नाही, काकू. महिने माझ्या डोक्यात आहेत." ती हसली. "मग तुमच्या डोक्यातूनच मुहूर्त काढून द्या की." दारातल्या बायकाही हसल्या. मला ते लागलं. घरी आलो आणि खिळ्याला लटकलेल्या आदल्या वर्षीच्या पंचांगावरून उतरवलं. आदल्या वर्षी अकरावा महिना एकोणतिसाचाच होता.

एवढंच. चार पावलं मागे गेलो असतो तर.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तिसऱ्या दिवशी कळलं. नऊ जानेवारीला. काकूच्या घरून सामान परत आलं, त्यात पंचांग होतं. तुमच्या लग्नाच्या पानावर लाल कागदाची चिठ्ठी. ती काढताना पान उलटलं आणि अकराव्या महिन्यापुढचा आकडा दिसला. तीस.

त्याच संध्याकाळी पूर्वजांच्या सभागृहात बैठक होती. तू उभा होतास. सगळ्यांत वडील म्हणून निवाड्याला बसलेल्या हाओ आजोबांनी विचारलं, "कितीला पोचलास?" तू म्हणालास, "पाच कमी दहाला. फळ्याच्या वीस मिनिटं आधी." कोणीतरी म्हणालं की तू जाळ्यांच्या शेडमध्ये पत्ते खेळत होतास. तू म्हणालास की होय, पण पाच कमी दहाला पट्टीवर होतो, बाबांच्या घड्याळात बघितलं होतं.

मग आजोबांनी मला विचारलं. "शाओपु, पाणी छातीला म्हणजे किती वाजले असतील?"

माझ्या खिशात ती लाल चिठ्ठी होती. मला आकडा माहीत होता: छातीइतकं पाणी ओहोटीनंतर जवळजवळ दोन तासांनी येतं, म्हणजे खरे दहाच वाजत आले होते. मी म्हणालो, "फळ्याप्रमाणे पावणेअकरा."

मी 'फळ्याप्रमाणे' म्हणालो. गेली एकवीस वर्षं या एका शब्दाला धरून मी उभा आहे. मी खोटं बोललो नाही, फळ्याप्रमाणे पावणेअकराच होत होते, असं स्वतःला सांगत आलो. पण सगळ्यांनी जे ऐकलं ते हेच की होडी अर्धा तास उशिरा गेली. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "दादा, घड्याळ बरोबर आहे. तुला माहीत आहे ते बरोबर आहे." आणि मी म्हणालो, "घड्याळ मागे पडलं असेल."

घड्याळ तू तिथंच टेबलावर ठेवलंस. नंतर तुझ्याशी कोणी बोलेना. सू-ल्यानच्या घरून आहेर परत आला. चौथ्या महिन्यात तू गेलास.

घड्याळ मी घरी आणून रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. सात दिवस, रोज सकाळी. एक मिनिटसुद्धा मागे नव्हतं.

मला वाटलं होतं की बाबांनी ते तुला देण्यात चूक केली. थोरला मी, आणि वेळ पाळणारा मी. हेही लिहून टाकतो, राहून जाईल नाहीतर.

शाओपु

———

२२ डिसेंबर २०२३
(अकरावा महिना, तिथी दहा. आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस.)

आ-थिंग,

तू परत काही लिहिलं नाहीस, आणि माझं मागचं पत्रही अजून वाटेतच असेल. मी तुझ्या जागी असतो तर मीही लिहिलं नसतं.

आज घरोघर तांदळाच्या पिठाचे गोळे वळतात. सकाळी मी सू-ल्यानकडे गेलो. तुला बहुतेक माहीत नसेल: तिचं शेजारच्या गावात लग्न झालं, मुलगी फूचौला शिकते आहे. बांधाजवळ तिची कालवं सोलायची शेड आहे, आठ बायका कामाला. मी आत गेलो तसं तिनं पायानंच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा, मास्तर. ग्रंथासाठी आकडे हवेत का? दिवसाला किती किलो, किती बायका, बोटं किती कापली?"

मी म्हणालो, तुझ्याशी एकटीशी बोलायचं आहे. ती म्हणाली, "या सगळ्या बहिऱ्या आहेत, सोलायला लागल्या की." कोणी बहिरी नव्हती, हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी तिथंच सांगितलं. पंचांग, तीस आणि एकोणतीस, आठ आणि आठ अठ्ठेचाळीस. खिशातली लाल चिठ्ठी दाखवली. ती अजून आहे, रंग उडून गुलाबी झाली आहे. तिच्या आईच्या अक्षरात त्यावर तुमच्या दोघांची नावं.

आठ चाकू थांबले. तिचा थांबला नाही. तिनं हातातलं कालव सोललं, पाण्यात टाकलं, आणखी एक घेतलं. मग म्हणाली, "एकवीस वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले. आता बरोबर माणसावर रागवायला मला थोडा वेळ द्या."

मी म्हणालो, घे. तिनं विचारलं, "हे त्या सभागृहात सांगाल? जिथं ते सांगितलं होतंत, तिथंच? आईच्या तिथीला?"

बाराव्या महिन्याची पंचमी. या वेळी ती पंधरा जानेवारीला येते. मी पंचांगात बघितलं. दोन पंचांगांत बघितलं.

निघताना तिनं वाटीभर सोललेली कालवं हातात दिली. माफ केलं म्हणून नाही. तिच्या शेडमधून रिकाम्या हातानं कोणी जात नाही, एवढंच त्याचं कारण.

झुओ बाईंनाही भेटलो. म्हणालो, माझ्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकांवरच्या परिच्छेदात माझ्या चुकीची नोंद यायला हवी, तारखेसकट. बाई म्हणाल्या, "मास्तर, हा नगराचा गौरवग्रंथ आहे. यात कोणी चुकत नाही." मी म्हणालो, मग माझे तक्ते काढून टाका. त्यांनी कपाळाला हात लावला. पण मग म्हणाल्या की माणसं देश का सोडतात, तिथं तुमची तीन कारणं आहेत, चौथं हवं तर घाला, एक ओळ. मी ओळ लिहिली: 'चौथे कारण: कधी कधी घरच्या माणसाने त्यांचे म्हणणे खोटे पाडलेले असते.' बाईंनी वाचलं आणि पानाला टाचणी लावली.

शाओपु

———

१६ जानेवारी २०२४
(बारावा महिना, तिथी सहा.)

आ-थिंग,

काल झालं. क्रमानं लिहितो.

सकाळी आठला ओहोटी होती. मी बांधावर जाऊन स्वतः बघितली, आठला पाणी थांबलं. त्या दिवशीसुद्धा आठलाच थांबलं असणार. एवढी साधी गोष्ट.

सभागृहात बेचाळीस माणसं होती. सू-ल्यान तिच्या मुलीला घेऊन आली होती. वाचलेल्या तिघींपैकी दोघी होत्या, तिसरी मुलाकडे परगावी असते. हाओ आजोबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, खुर्चीतून आणले होते. मी वहीतून वाचायला लागलो. चार ओळी झाल्या आणि आजोबा म्हणाले, "काय म्हणतोय हा? मोठ्यानं."

मी परत पहिल्यापासून वाचलं. आजोबांनी कानामागे हात धरला. "फळा काय?"

"फळा चुकला होता, आजोबा."

"कोणाचा?"

"माझा."

"मोठ्यानं बोल रे, बायकांसारखा पुटपुटू नकोस." मागून त्या दोघींपैकी एकीनं लगेच सुनावलं की बायका पुटपुटत नाहीत, त्या दिवशी पट्टीवरून आम्ही बोंबलत होतो, कोणाला ऐकू गेलं? मी ओरडून सांगितलं, आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. माझा फळा चुकला होता. आ-थिंग वेळेवर आला होता, वीस मिनिटं आधी आला होता. मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं आणि मी इथं, या जागेवर, गप्प राहिलो.

आजोबांना या वेळी ऐकू गेलं. ते काठीवर रेलून पुढे झुकले. मग म्हणाले, "मग त्या पोराला आम्ही हाकललं." मी म्हणालो, तुम्ही नाही, मी. ते म्हणाले, "विचारणारा मी होतो. तुझा वाटा मोठा आहे, पण माझा माझ्याकडे राहू दे."

सू-ल्यानच्या मुलीनं उदबत्त्या लावल्या. शेडमधल्या त्या दिवसानंतर सू-ल्याननं माझ्याशी अजून बोलणं चालू केलेलं नाही. मात्र जाताना उंबऱ्यापाशी थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला कळवा, आमच्या घरात त्याच्याबद्दल आता कोणी काही बोलणार नाही. त्याला यायचं तर येऊ दे. नाही यायचं तर तेही त्याचं." मी शब्द बदललेले नाहीत.

घरी आलो तर मेइयिन दारात फोन घेऊन उभी. तिनं फोन चालू ठेवून सभागृहातलं सगळं तुला ऐकवलं होतं, मला न विचारता. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती, म्हणजे तू दुकान बंद करून बसला असशील. मी तिला रागावणार होतो, पण वहिनीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मेइयिननं तुझा प्रश्न दाखवला. या वेळी तीन शब्द: "घड्याळ चालतं का?"

तू येशील की नाही हे मी विचारणार नाही. ते घड्याळ टपालानं पाठवायचं की खणात ठेवायचं, एवढं कळव. तोपर्यंत चावी देणं चालू ठेवतो. आपल्या पंचांगाच्या वर्षअखेरीला, म्हणजे नऊ फेब्रुवारीला, ओहोटी दुपारी चारला आहे. ही वेळ मी सू-ल्यानच्या मुलीकडून तपासून घेतली आहे, ती गणितात माझ्यापेक्षा पुढे आहे. वहिनी नेहमीसारखा एक वडा जास्तीचा करणार आहे.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आज सकाळी सातच्या बातम्यांशी ताडून बघितलं. चालतं. बरोबर चालतं. त्या दिवशीही बरोबर होतं.

शाओपु